हवेच्या मापाने पेट्रोल

स्कूटर सुरू होईना की ती एका बाजूला तिरकी करायची, क्षणभर तशीच धरायची आणि मग किक मारायची, हे महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. शाळेतल्या मास्तरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे ते करत. कशासाठी, असं विचारलं तर ‘पेट्रोल पुढे येतं’ असं उत्तर मिळे, आणि ते अगदीच चूक नव्हतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते आणि तिच्यातला फ्लोट पेट्रोलची पातळी सांभाळतो. गाडी तिरकी केली की ती पातळी एका बाजूला चढते, अडकलेला फ्लोट कधी सुटतो, जेटपाशी, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकापाशी, थोडं जास्त पेट्रोल पोचतं. कार्बोरेटर कधी उघडून न पाहिलेला माणूसही अशा रीतीने रोज सकाळी त्याच्या कामात हात घालत होता. त्या हाताला जे ठाऊक होतं, ते डोक्यालाही कळावं आणि कागदावर यावं, यासाठी हे पुस्तक लिहिलं गेलं आहे.

विषयाची हद्द आधी सांगितलेली बरी. इथे मोटारींचे दोन-दोन, चार-चार गळ्यांचे कार्बोरेटर नाहीत. एक सिलिंडर, एक कार्बोरेटर आणि साधारण ५० ते ३०० सीसीच्या दरम्यानचं इंजिन एवढाच हा प्रदेश आहे: लुना, स्कूटर, छोटी मोटारसायकल, गो-कार्ट, शेतात किंवा वाळूत पळणारी बग्गी. प्रदेश लहान असला तरी त्यात शिरणारा नवखा माणूस पहिल्याच वळणावर हरवतो. त्याला वाटतं, इथे दोन स्क्रू आहेत, ते फिरवले की गाडी ‘ट्यून’ होते. प्रत्यक्षात ते दोन स्क्रू संपूर्ण कामाचा लहानसा भाग आहेत.

कार्बोरेटर करतो काय? तो हवेच्या मापाने पेट्रोल देतो. डास मारायच्या फ्लिटच्या पंपात दट्ट्या दाबला की हवेचा झोत नळीच्या तोंडावरून जातो आणि खालच्या डब्यातलं औषध वर खेचलं जाऊन फवारलं जातं, तत्त्व तेच. हवेची वाट मध्ये अरुंद केली की तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. डॅनिएल बर्नुलीने १७३८मध्ये वाहत्या द्रवांच्या दाबाचा हा हिशेब मांडला आणि जिओव्हानी बात्तिस्ता व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञाचं नाव त्या अरुंद गळ्याला चिकटलं. गळ्यातला दाब घटला की बाहेरच्या हवेचा दाब वाटीतल्या पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. पेट्रोल ‘ओढलं’ जातं असं आपण म्हणतो, खरं तर ते ढकललं जातं. म्हणून टाकीच्या झाकणाचं किंवा वाटीचं हवेचं भोक बुजलं की जेट कितीही स्वच्छ असला तरी गाडी बंद पडते.

मापं किती बारीक आहेत ते पाहिलं की या कामाबद्दल आदर वाटू लागतो. वजनाच्या हिशेबात एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरहून जास्त हवा. ताशी ४५ किलोमीटरने जाणारी, लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर सेकंदाला पाव मिलिलिटरच्या थोडं वर पेट्रोल पिते. हे सगळं पेट्रोल ज्या भोकातून जातं, त्याचा व्यास एक मिलिमीटरच्या आसपास. डेलॉर्टो कंपनीच्या जेटवर १०० हा आकडा असेल तर भोक १.०० मिलिमीटरचं, ९८ असेल तर ०.९८चं. या दोन जेटांत डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ चार टक्क्यांनी बदलतं. जेट साफ करायला क्लचच्या केबलची तार घालण्याची जी पद्धत रस्तोरस्ती चालते, तिचा अर्थ यावरून कळेल. पितळ मऊ असतं. तार फिरवून १.०० चं १.०५ झालं की पेट्रोलची वाट दहा टक्क्यांनी रुंदावली. गाडी त्या दिवशी सुरू होते, मेकॅनिकला पैसे मिळतात, आणि ‘ॲव्हरेज का पडलं’ या प्रश्नाचा शोध पुढे महिनोन्‌महिने भलतीकडेच चालू राहतो.

इथे एक अडचण आहे, आणि माझ्या मते या पुस्तकाचा कणा तिच्यातच आहे. कार्बोरेटरला दाबातला फरक सोडून काहीच कळत नाही. इंजिन गार आहे की तापलेलं, गाडीवर एक माणूस आहे की गॅसच्या टाकीसकट तिघे, पेट्रोलमध्ये काय मिसळलं आहे, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला हवा मुंबईपेक्षा जवळजवळ १२ टक्के विरळ असते. तिथे कार्बोरेटर त्या प्रमाणात पेट्रोल कमी करत नाही, म्हणून मुंबईत छान चालणारी गाडी घाट चढून गेल्यावर जड होते, धूर सोडते. तेव्हा कुठलंही सेटिंग एका हवेपुरतं, एका पेट्रोलपुरतं आणि एका प्रकारच्या चालवण्यापुरतं बरोबर असतं. बाकी सगळीकडे ती तडजोड असते. ट्यूनिंग करणारा माणूस ही तडजोड कुणाच्या सोयीने करायची ते ठरवतो. ‘पिकअप हवा की ॲव्हरेज?’ हा गॅरेजवाल्याचा जुना प्रश्न याच निर्णयाचा आहे.

या यंत्राचा इतिहास फार लांब नाही. कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ मिळवली जाई. जेटमधून पेट्रोल फवारण्याची कल्पना १८९३च्या आसपास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी प्रत्यक्षात आणली. पुढची पन्नास वर्षं एकाच प्रश्नाभोवती गेली: एक जेट सगळ्या वेगांना पुरत नाही, मग काय करायचं? त्याच्या वेगवेगळ्या उत्तरांतून कार्बोरेटरची घराणी तयार झाली.

इंग्लंडमध्ये १९२७मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन ‘अमाल’ झाली. तिची रीत म्हणजे वरखाली होणारी स्लाइड आणि तिला लटकलेली निमुळती निडल. ॲक्सिलरेटर पिळला की स्लाइड वर जाते, निडल वर येते आणि जेटची वाट मोठी होते. निडलची क्लिप एक खाच वरखाली केली की मधल्या वेगांचं मिश्रण बदलतं. जपानच्या मिकुनीने सुरुवात याच रीतीवर केली आणि भारतातल्या कितीतरी मोटारसायकली याच घराण्याच्या. इटलीच्या डेलॉर्टोने व्हेस्पासाठी जो ‘एसआय’ प्रकार बनवला, त्यात निडलच नाही. वर एअर करेक्टर, मध्ये भोकांची इमल्शन ट्यूब आणि खाली मेन जेट अशी एकावर एक रचना. हवा आणि पेट्रोल यांचा मेळ त्या नळीतच बसतो. बजाजच्या स्कूटरवरचा ‘स्पॅको’ याच वंशातला. म्हणून चेतक उघडून निडल शोधणारा नवशिका मेकॅनिक चक्रावतो. तिसरं घराणं व्हॅक्यूमचं. यात ॲक्सिलरेटरची केबल फक्त एक झडप उघडते. स्लाइडला वर उचलतो तो रबरी डायफ्रामच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरवरचे केहीन, तसंच होंडाच्या आराखड्यावरून तैवान आणि चीनमध्ये फोफावलेल्या ‘जीवाय-६’ इंजिनाचे कार्बोरेटर या जातीचे. परदेशांतल्या असंख्य स्वस्त स्कूटर आणि बग्ग्या याच इंजिनावर पळतात. त्या डायफ्रामला टाचणीएवढं भोक पडलं तरी इंजिन रेस घेत नाही, आणि मालक मात्र जेट बदलत बसतो.

घराणी वेगळी असली तरी सगळ्यांच्या वाटण्या सारख्याच. ॲक्सिलरेटर जेमतेम उघडलेला असताना पायलट जेट, त्यानंतर स्लाइडच्या कडेची कापणी, पाव ते पाऊण उघडण्यापर्यंत निडल, आणि शेवटी मेन जेट. तक्रार ॲक्सिलरेटरच्या कोणत्या टप्प्यावर येते एवढं नीट कळलं, तर निम्मं निदान तिथेच झालं. एसआय प्रकारात निडलचं काम इमल्शन ट्यूब करते, एवढाच फरक.

नवख्यांना सर्वांत जास्त फसवतो तो मिश्रणाचा स्क्रू. काही कार्बोरेटरवर तो बाहेर काढला की मिश्रणात पेट्रोल वाढतं, काहींवर घटतं. यामुळे दोन चांगले मेकॅनिक एकमेकांना वेड्यात काढतात. नियम सोपा आहे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. बाहेर काढाल तर हवा वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा. बाहेर काढाल तर पेट्रोल वाढतं. पुस्तकात हा एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो आणि तो तसा यायलाच हवा.

रचनेची घराणी झाली, तसे ट्यूनिंगचेही पंथ आहेत. पहिला कानाचा. तापलेलं इंजिन आयडलवर ठेवायचं, स्क्रू हळूहळू फिरवत रेस जिथे सर्वांत वर जाते ती जागा पकडायची, मग आयडलचा स्क्रू उतरवायचा. रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ घेत असेल तर हवा जास्त. भकभकत खाली येऊन बंद पडत असेल तर पेट्रोल जास्त. आपल्या गॅरेजांचा हाच पंथ. दुसरा प्लगचा. भर वेगात इग्निशन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवायची आणि प्लग काढून पाहायचा: पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त, बिस्किटी तपकिरी म्हणजे ठीक. २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि प्लगवरचे रंग पूर्वीइतके बोलके राहिले नाहीत, तरी हा पंथ टिकून आहे. तिसरा यंत्राचा: धुरातला ऑक्सिजन किंवा कार्बन मोनॉक्साइड मोजून ठरवायचं. या तिसऱ्या पंथाची आपल्याकडची ओळख पीयूसीपुरती आहे, आणि ती अर्धवट आहे. २०००नंतरच्या कार्बोरेटरवाल्या दुचाकींना आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के होती. चाचणी आयडलची असल्याने पायलटचा स्क्रू हलवून प्रमाणपत्र मिळे. मेन जेट कसाही असला तरी त्याला कुणी विचारत नसे.

या तीन पंथांत लेखक कुणाचीही बाजू घेत नाहीत. प्रत्येक पंथ कुठे खरा ठरतो आणि कुठे फसतो ते दाखवतात. मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो कार्बोरेटरला हात लावण्याआधीचा. एअर फिल्टर चोंदलेला, प्लगचा गॅप वाढलेला, टू-स्ट्रोकचा सायलेन्सर कार्बनने भरलेला, क्रँकचं ऑइल सील गळकं, फोर-स्ट्रोकचे टॅपेट घट्ट: या प्रत्येकाची लक्षणं कार्बोरेटरच्या बिघाडासारखी दिसतात. ऑइल सीलमधून हवा शिरत असेल, तर कुठल्याही स्क्रूने आयडल जागेवर राहणार नाही. टू-स्ट्रोकच्या बाबतीत तर हा विषय जिवावरचा आहे. तिथे बऱ्याच जुन्या गाड्यांत पिस्टनला मिळणारं तेल पेट्रोलमधूनच येतं; चेतकसारख्या गाडीत लिटरमागे २० मिलिलिटर. ॲव्हरेज वाढवण्याच्या नादात जेट बारीक केला की पेट्रोलबरोबर तेलही घटतं, उष्णता वाढते, आणि एखाद्या लांब चढावर पिस्टन जॅम होतो. वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट खर्च मग बोअर करण्यात जातो.

हा विषय महाराष्ट्राचा आहे, असं म्हणायला आधार आहे. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लॅम्ब्रेटा, आकुर्डीत बजाजची व्हेस्पा आणि पिआजिओशी करार संपल्यावर १९७२पासून चेतक, त्याच वर्षी कायनेटिकची लुना, साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया. देशाने स्कूटर चालवली ती बरीचशी या पट्ट्यात घडलेली. कारखान्यांभोवती सुटे भाग बनवणारे आले, त्यांच्याभोवती गॅरेजं. पुण्या-कोल्हापुरापासून मालवणपर्यंत एक मोठी कारागिरी उभी राहिली आणि ती जवळजवळ संपूर्णपणे तोंडी होती. ‘अर्धा आटा बाहेर घे’, ‘मिसिंग मारतेय’, ‘पेट्रोल ओव्हर झालंय’, ‘स्लो धरत नाही’ ही तिची परिभाषा. कंपनीची पुस्तकं इंग्रजीत, तीही सर्व्हिस सेंटरच्या कपाटात. उस्तादाने पोराला दाखवलं तेवढंच पुढे गेलं, त्यात खरं ज्ञानही गेलं आणि तार घालून जेट साफ करण्यासारख्या सवयीही गेल्या.

मग आता, कार्बोरेटर जाऊ घातलेला असताना, हे पुस्तक कशासाठी? १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ मानकं लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींमध्ये इंधन इंजेक्शन आलं. सेन्सर हवेचं तापमान, दाब, धुरातला ऑक्सिजन मोजतात आणि हिशेब संगणक करतो. त्याच वर्षी चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परत आलं. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या एका तारखेला नाहीशा होत नाहीत. गावोगावी कार्बोरेटरवाल्या गाड्या अजून रोजचं काम करतात, जुन्या स्कूटर हौसेने दुरुस्त करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि ज्यांच्या कानावर हे सगळं उभं होतं ते कारागीर निवृत्त होत आहेत. पिथमपूरच्या बाहा स्पर्धेसाठी बग्गी बांधणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी इंजेक्शनचं गणित शिकून येतात आणि छोट्या इंजिनाचा फ्लोट अडकला की गोंधळतात.

दुसरं कारण अधिक तातडीचं आहे, आणि ते पेट्रोलमध्येच आहे. २०२३च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल बाजारात आलं आणि २०२५पर्यंत ते नेहमीचं पेट्रोल झालं. आपल्याच साखर कारखान्यांच्या उसातलं इथेनॉलही आता आपल्याच जुन्या स्कूटरच्या फ्लोटच्या वाटीत उतरतं आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जाळायला हवा कमी लागते: १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग. इंजेक्शनची गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटर ओळखत नाही. तो पूर्वीइतकंच देतो आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी हवेकडे झुकतं. ज्या गाडीचा मेन जेट १०० होता, तिला आता १०२ किंवा १०५ घालून प्लग तपासण्याची वेळ आली आहे. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं, जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग फुगवतं, महिनाभर उभ्या गाडीच्या वाटीत पांढरी भुकटी धरतं. ‘नव्या पेट्रोलने गाडी बिघडली’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. तिच्यातलं किती जेटचं, किती रबराचं आणि किती नुसतं उभ्या राहिलेल्या पेट्रोलचं, हे वेगळं करून सांगणारं मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही. या पुस्तकाने ते काम हाती घेतलं आहे.

लेखकांशी माझा एक मतभेद आहे, तो नोंदवतो. ट्यूनिंगची सुरुवात मेन जेटपासून करावी, असा त्यांचा आग्रह आहे. पूर्ण ॲक्सिलरेटरवर इतर वाटांचा परिणाम नगण्य असतो, म्हणून तो पाया आधी पक्का करावा, हे त्यांचं कारण शास्त्राला धरून आहे आणि शर्यतीच्या कार्टला ते तंतोतंत लागू पडतं. पण लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरला फिरणारी स्कूटर दिवसाचा बहुतेक वेळ पाव ॲक्सिलरेटरच्या आत असते. तिचं ॲव्हरेज, तिचं सिग्नलला बंद पडणं, तिचा धूर, सगळं पायलट जेटवर ठरतं. अशा गाडीसाठी मी आयडलपासून वर जाईन. वाचकांनी दोन्ही वाटा करून पाहाव्यात. वाद मिटवायला गाडी समोर उभी आहेच.

पुस्तकाची मांडणी दुरुस्तीच्या पायऱ्यांची यादी म्हणून केलेली नाही, याची वाचकाला आधीच कल्पना असावी. अमुक गाडीला अमुक जेट असे तक्ते आहेत, पण ते आरंभबिंदू म्हणून. भर आहे तो लक्षणावरून कारणाकडे जाण्यावर: तक्रार केव्हा येते, गार असताना की तापल्यावर, कुठल्या टप्प्यावर, चढाला की सपाटीला. आणि एका वेळी एकच बदल. जेट, निडल आणि स्क्रू एकदम हलवणाऱ्याला गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर परतीची वाट उरत नाही.

म्हणून पुस्तक वाचून झाल्यावर पहिल्यांदा गाडीपाशी बसाल तेव्हा इंजिन गार असू द्या, पेट्रोलचा कॉक बंद करा, जवळ विडी-काडी नको. मग मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत फिरवत किती आटे बाहेर होता ते मोजा, तो आकडा वहीत लिहा आणि स्क्रू पुन्हा तिथेच आणून ठेवा. पुढचा प्रत्येक बदल याच आकड्यापासून मोजायचा आहे.